उतारावरचा गाळ आणि शेवाळ: पावसाळ्यात फाटकाची वाट कशी साफ करावी

वाशी-नेरूळची रो-हाऊस असोत की ठाण्यात येऊरच्या पायथ्याचे बंगले, जुलैत फाटकापासून पार्किंगपर्यंतच्या उतारावर दोन थर साचतात. वर डोंगराची लाल माती, तिच्याखाली काळपट हिरवं शेवाळ. स्कूटर घसरते ती बहुतेकदा शेवाळावर, पण शेवाळ काढायचं तर आधी गाळ काढावाच लागतो. गाळावर ब्लीचिंग पावडर ओतणं म्हणजे पावडर वाया घालवणं. तिच्यातला क्लोरीन मातीतल्या कुजक्या पाल्यापाचोळ्यावरच संपतो.

पाऊस थांबून दोन-तीन तास झाले की काम सुरू करा. गाळ तेव्हा श्रीखंडासारखा घट्ट असतो, फावड्यावर नीट उचलला जातो. पातळ असेल तर निसटून परत पसरतो आणि कडक वाळला तर वाटेच्या पेव्हर ब्लॉकला चिकटून बसतो. हात लावण्याआधी उताराखालच्या गटाराच्या जाळीवर गोणपाट अंथरा, त्याच्या कडेला वाळूच्या दोन पिशव्या ठेवा. हे चुकलं की सगळी माती चेंबरमध्ये उतरते. नवी मुंबईत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर गटाराचं पाणी खाडीत लवकर जात नाही, आणि चेंबर तुंबलेला असेल तर ते तुमच्याच दारात साचतं.

वरून खाली या, साफ केलेल्या पट्ट्यावर उभं राहून गाळ पुढे ढकलत. खालून वर जाणाऱ्याचा पाय शेवाळावर पडतो. गमबूट हवेतच. घमेलं अर्धंच भरा, ओल्या मातीचं भरलेलं घमेलं निसरड्या उतारावर तोल घालवतं. गाडीचं ऑइल मिसळलेली माती कुंड्यांत टाकू नका, गोणीत भरून ठेवा.

आता शेवाळ. 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, हातमोजे घालून, प्लास्टिकच्या बादलीत. ते ओतून 15-20 मिनिटं थांबा, मग नायलॉनच्या कडक ब्रशने घासा. तारेच्या ब्रशचे तुकडे सांध्यात अडकतात आणि गंजाचे डाग पाडतात. ब्लॉकवर नख ओढून पाहा: हिरवट चिकट रेघ निघाली तर शेवाळ अजून जिवंत आहे, पुन्हा एक हात द्या. तुळस, जास्वंद आधी प्लास्टिकने झाका. आणि अॅसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड या पावडरीत कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. नुसतं अॅसिडही नको, ते सिमेंट खातं.

प्रेशर मशीन असेल तर पंख्यासारखी धार सोडणारं नोझल लावा आणि एक फुटाचं अंतर ठेवा. धार सुईसारखी बारीक धरली की पेव्हर ब्लॉकच्या सांध्यातली वाळू उडते, आणि पुढच्या पावसात ब्लॉक हलायला लागतात. वाळू गेलीच असेल तर उघडीप बघून बारीक कोरडी वाळू झाडूने सांध्यांत भरा.

एवढं करूनही दहा दिवसांत त्याच जागी हिरवं दिसलं तर वर बघा. एसीचं पाणी ठिबकत असेल किंवा पन्हाळीचा पाइप फुटलेला असेल. तो पाइप थेट जाळीपाशी सोडा.