कोकणच्या हवेत टिकेल असं मॉडेल रेल्वेचं वायरिंग

तीन-चार फळ्यांचा, सुटा करून माळ्यावर ठेवता येईल असा लेआउट रत्नागिरी-मालवणकडे करणार असाल, तर विजेसाठी रुळांच्या जॉइनरवर भिस्त ठेवू नका. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्या पत्र्याच्या चिमट्यांवर असा थर चढवतात की इंजिन एका तुकड्यावर सुसाट आणि पुढच्यावर आचके देत चालतं. जॉइनरनी रूळ सरळ धरावेत, बस्स.

इथे एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा, १२ व्होल्ट डीसीवरचा लेआउट धरला आहे. त्याचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी. आपली ब्रॉडगेज ८७ने भागली तर १९ मिमीच्या वर जाते, पण तो हिशेब सोडून द्यायचा.

आधी प्रत्येक फळीच्या खालून १.५ चौरस मिमीच्या दोन तांब्याच्या मल्टिस्ट्रँड वायरी टाका. लाल बाहेरच्या रुळाची, काळी आतल्या रुळाची. हे फळीखाली मार्करने लिहूनच ठेवा.

मग रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची बारीक वायर द्या, ०.५ चौरस मिमीची. खरं कष्टाचं काम हेच. रुळाच्या बाहेरच्या अंगाला, कारण आतून चाकाची कड जाते, बारीक कानशीने चकाकेपर्यंत घासा. वायर आणि रूळ दोन्हींवर आधी वेगवेगळं सोल्डर चढवा. शेजारचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा आणि तापलेला सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवा. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप, राळेचाच घ्या. ॲसिडचा वापरलात तर सांधा हिरवा पडून खाल्ला जाईल. वायरीचं दुसरं टोक खालच्या जाड वायरीला सोल्डर करून वर प्लॅस्टिकची नळी (स्लीव्ह) चढवा.

दोन फळ्यांमध्ये वीज नेण्यासाठी उलटा बसूच शकत नाही असा प्लग हवा. ड्रोनच्या बॅटरीला असतो तो पिवळा एक्सटी-६० उत्तम. सॉकेट कंट्रोलरच्या, म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या डब्याच्या, बाजूच्या फळीला लावा, म्हणजे उघड्या पिनांत वीज राहणार नाही. २३० व्होल्ट फळीखाली आणूच नका. तयार कंट्रोलर भिंतीच्या प्लगलाच बरा.

कोकण रेल्वे बहुतांश एकेरी, त्यामुळे 'क्रॉसिंग', म्हणजे एका गाडीने थांबून दुसरीला वाट देणं, हवंच. स्टेशनातल्या लूप लाइनचा (मेन लाइनच्या बाजूने जाऊन पुन्हा तिलाच मिळणाऱ्या मार्गाचा) एक रूळ दोन्ही टोकांना कापा, फटीत प्लॅस्टिकचे जॉइनर घाला आणि मधल्या तुकड्याची वायर साध्या टॉगल स्विचमधून न्या. स्विच बंद केला की मालगाडी तिथेच उभी आणि एक्सप्रेस मेन लाइनने निघून जाते. गाडी वळून त्याच मार्गावर उलट्या दिशेने परत येणारा फुग्यासारखा फेरा मात्र पहिल्या लेआउटमध्ये टाळा. त्यात लाल-काळं एकमेकांना भिडून शॉर्ट होतं.

फळ्या जोडण्याआधी प्रत्येकीची चाचणी घ्या. रुळांवरून गाड्या काढा, स्विच चालू ठेवा, मल्टिमीटर बझरवर लावा. लाल वायर ते बाहेरचा रूळ: आवाज यायला हवा. लाल ते आतला: गप्प. सोल्डरचा एखादा थेंब कुठे सांडलेला असेल तर तो इथेच सापडतो.

पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की कंट्रोलरचा प्लग काढा. रूळ काळवंडले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. सँडपेपर नको; त्याच्या चरांत घाण लवकर बसते.