सीमाभागातली वार्षिक बाईक रॅली : नियोजनातल्या या चुका टाळा

रॅली आखायला बसलं की आयोजकांच्या डोळ्यांपुढे पहिली गाडी असते. झेंडा कोण दाखवणार, फोटो कुठे काढायचे, लीडर किती वाजता पोहोचणार यावरच निम्मी बैठक जाते. बेळगाव परिसरात तरी हिशेब उलट मांडावा, शेवटच्या गाडीपासून. पुढे गेलेला बुलेटवाला कसाही पोहोचतो. पण बायकोला मागे बसवून शंभर सीसीच्या गाडीवर आलेला माणूस, किंवा क्लच केबल तुटून जांबोटीच्या पुढे अडकलेला कॉलेजचा पोरगा उजेड असताना घरी पोहोचला का, यावर पुढच्या वर्षीची नोंदणी ठरते. बहुतेक चुकांचं मूळ या मागच्या माणसाला विसरण्यात आहे.

फक्त रविवार बघून तारीख धरणे

आपल्याकडे तारखेला फार वजन आहे. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिन, त्यामुळे शहरात कडक बंदोबस्त असतो. त्याच्या मागेपुढे साठ गाड्यांचा ताफा काढायला परवानगी मागणं म्हणजे पोलिसांनाही अडचणीत टाकणं. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हलग्याजवळच्या महामार्गावर मोर्चे, वळवलेली वाहतूक आणि शहरात लॉज मिळायची मारामार. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे जाणारे रस्ते भाविकांच्या गाड्यांनी भरलेले असतात. नोव्हेंबरात गोव्यात मोटोव्हर्स, म्हणजे पूर्वीचा रायडर मेनिया, हा बुलेटवाल्यांचा मोठा मेळावा भरतो. त्या आठवड्यात तुमचे अनुभवी रायडर तिकडे गेलेले असतात आणि गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावर बाहेरगावच्या गाड्यांची वर्दळ असते.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे ऋतू आणि दिशा यांची सांगड न घालणं. बेळगावच्या पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला उसाचा, काळ्या मातीचा पट्टा. दोन्हीकडचे धोके वेगळे आहेत आणि ते वेगवेगळ्या महिन्यांत येतात. जून ते सप्टेंबर कणकुंबी, चोर्ला, आंबोली या भागात पाऊस आणि धुकं इतकं असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दहा पावलांवरून दिसत नाही. दरडी पडतात, रस्त्याच्या कडा खचतात. पावसात घाटाची मजा वेगळी हे मलाही मान्य आहे. चार सरावलेल्या मित्रांनी जरूर जावं. पण ज्या रॅलीत नवशिके आणि कुटुंबंही असतात, ती त्या दिवसांत घाटात नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात काढायचीच असेल तर पूर्वेला, गोकाकला न्या. घटप्रभेला पाणी असतं, धबधबा भरून कोसळत असतो, जवळच मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकीचा धबधबा आहे आणि वाटेत अवघड घाट नाही. फक्त शेतातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरांची काळी माती डांबरावर जिथे पसरलेली असते तिथे वेग कमी करा. ओली काळी माती ब्रेकला दाद देत नाही.

हिवाळ्यात गणित उलटं होतं. गाळप हंगाम सुरू झाला की हुक्केरी, संकेश्वर, चिक्कोडी, रायबाग, अथणी, गोकाक हा सगळा भाग उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातो. एकामागे एक दोन ट्रॉल्या, बाजूला लोंबणारा ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि गाणी इतकी मोठी की चालकाला हॉर्न ऐकू येत नाही. संध्याकाळी रस्त्याकडेला बंद पडलेली अशी ट्रॉली अंधारात दिसतच नाही. त्या महिन्यांत पश्चिमेला जा : खानापूर, हलशी, नंदगड, कणकुंबी. हलशीला कदंबांच्या काळातली देवळं आहेत, नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी, कणकुंबीला मलप्रभेचा उगम. हवा कोरडी, रस्ता स्वच्छ दिसणारा. पूर्वेला जाणं अगदी टळत नसेल तर शेवटची गाडी, पुन्हा सांगतो, शेवटची गाडी पाचपर्यंत शहरात आली पाहिजे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

घाट निवडताना गाड्या न मोजणे

चोर्ला, अनमोड, आंबोली आणि तिलारी हे चार घाट आपल्या आवाक्यात आहेत, पण चारही रॅलीला सारखे नाहीत. तिलारीचा रस्ता अरुंद, उतार तीव्र आणि वळणं एकदम आवळलेली. तिथे समोरून एखादी मोठी गाडी आली की अख्खा ताफा उतारावर खोळंबतो. दहा गाड्या असतील तर ठीक, साठ असतील तर तो घाट सोडून द्या.

उतारावरच्या बिघाडाचं कारण बहुधा एकच असतं, ब्रेक दाबून ठेवत उतरणं. जो चढ तिसऱ्या गिअरवर चढला असता, तो उतारही तिसऱ्यावरच उतरायचा. वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक फक्त वळणाआधी लावायचा. न्यूट्रलवर किंवा क्लच दाबून गाडी सोडणाऱ्याला पहिल्याच थांब्यावर स्पष्ट सांगा. ड्रम ब्रेकच्या गाड्या आणि मागे बसलेले जोडीदार असतील तर हे आणखी महत्त्वाचं. लिव्हर मऊ लागली, जळका वास आला, तर मोकळी जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. चढावर क्लच घसरायला लागला तर कारण बहुतेक वेळा अर्धवट दाबलेली लिव्हर असते. तिचा मोकळा खेळ, म्हणजे दाबताना सुरुवातीला मिळणारी ढील, तपासा, पंधरा मिनिटं विश्रांती द्या, मागच्या माणसाला दुसऱ्या गाडीवर बसवा.

जांबोटी ते कणकुंबी हा जंगलातला रस्ता आहे. शेजारीच भीमगड अभयारण्य आहे. सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला गवे रस्ता ओलांडतात. एक गवा दिसला की मागे कळप असणार असं धरून थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही. आतल्या रस्त्यांवर वनखात्याच्या चौक्या असतात. त्यांच्या वेळा आधी जाऊन विचारा, ऐन वेळी साठ माणसं फाटकापुढे उभी करू नका.

व्हॉट्सअॅपच्या भरवशावर गट सोडणे

घाटात नेटवर्क जातं आणि लाइव्ह लोकेशन जिथल्या तिथे थांबतं. ताफा तुटतो तोही नेमका फाट्यावर. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता वेगळा होतो आणि जांबोटीचा वेगळा. पुढचे जांबोटीकडे वळले आणि मागचे सरळ गेले, तर कळायला अर्धा तास जातो.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. आठ-दहा गाड्यांचे गट करायचे, दोन गटांत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं. प्रत्येक गटाला एक लीडर आणि एक शेपटीचा माणूस. फाटा आला की लीडरच्या मागचा दुसरा रायडर तिथे थांबतो, हाताने दिशा दाखवतो आणि आपल्या गटाचा शेपटीचा माणूस येईपर्यंत हलत नाही. मग तो शेवटून दुसरा होऊन चालू लागतो. पुढच्या फाट्यावर नवा दुसरा. फोन लागो न लागो, कुणी चुकत नाही. सपाट रस्त्यावर गाड्या एकाआड एक डावी-उजवी तिरक्या ठेवाव्यात, घाटात एकेरी रांग. जोडीने गप्पा मारत चालवणं कुठेच नको.

सर्वांत कमी अनुभवी माणूस लीडरच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे गटाचा वेग त्याच्यावरून ठरेल. शेपटीला मात्र सर्वांत जाणता माणूस हवा, ज्याला पंक्चर काढता येतं, चेन जोडता येते, घाबरलेल्याला धीर देता येतो. बहुतेक ठिकाणी असा माणूस हौसेने पुढे असतो आणि मागे कुणीतरी नाइलाजाने. ही अदलाबदल केली तरी निम्मे प्रश्न कमी होतात.

कोल्हापूर-पुण्याकडून येणाऱ्यांना कन्नड पाट्या वाचता येत नाहीत. मार्गाच्या कागदावर गावाचं नाव दोन्ही लिप्यांत छापा आणि शेजारी सुरुवातीपासूनचे किलोमीटर लिहा.

पेट्रोल आणि पंगत

साठ गाड्या, दोन नोझल, गाडीमागे दोन मिनिटं : एक तास गेला. म्हणून टाकी आदल्या रात्री ज्याने त्याने भरून आणावी आणि पुढचा पेट्रोल थांबा सर्वांत लहान टाकीच्या गाडीवरून ठरवावा. जेवणाचंही तसंच. कणकुंबीसारख्या गावातल्या छोट्या खानावळीत न सांगता साठ जण शिरले की तिथल्या माणसांचे हाल आणि आपलेही. चार दिवस आधी आगाऊ रक्कम द्या, गटागटाने अर्ध्या तासाच्या फरकाने पानं मांडायला सांगा. मटणाचं भरगच्च जेवण रॅली संपल्यावर शहरात ठेवा. दुपारी ते खाऊन घाटात डुलकी येते.

गोव्याच्या बाजूला उतरणार असाल तर दारूबद्दल आधीच स्पष्ट बोला. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, रॅलीची मर्यादा शून्य असावी. परतताना अबकारी नाक्यावर एका डिकीत बाटल्या सापडल्या की सगळा ताफा तिथे थांबतो.

कागदपत्रांची घाई

सावंतवाडी रस्त्याने बाची ओलांडली की शिनोळीपासून महाराष्ट्र लागतो, चोर्ल्याच्या पुढे गोवा. बेळगाव पोलिसांना पत्र दिलं म्हणजे काम झालं असं नाही. ज्या ज्या हद्दीतून जाणार तिथल्या ठाण्यांना मार्ग, वेळ आणि गाड्यांची संख्या कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. नोंदणी घेतानाच दोन हेल्मेट बघा, आणि डोक्यावर नुसती टोपीसारखी ठेवलेली वस्तू हेल्मेट म्हणून मोजू नका.

‘सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला बक्षीस’ असं पत्रकावर छापणं फार महागात पडू शकतं. विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला तर तेच पत्रक विमा कंपनी पुढे करील. बक्षीस द्यायचं तर उत्तम राखलेल्या गाडीला द्या, वाटेत थांबून दुसऱ्याला मदत करणाऱ्याला द्या.

अपघात झाला तर

कोण थांबणार आणि कोण पुढे जाणार हे सकाळीच ठरलेलं हवं. शेपटीचा माणूस आणि आणखी दोघे थांबतात. बाकीचा गट पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत जातो, वळणावर गर्दी करत नाही. 112 किंवा 108 लावा. नेटवर्क नसेल तर एका गाडीला नेटवर्क येतं त्या ठिकाणापर्यंत पिटाळा, आणि ती ठिकाणं मार्गाची आधी पाहणी करतानाच कागदावर नोंदलेली असू द्या. घाटाच्या प्रत्येक टप्प्यावर जखमीला बेळगावला न्यायचं की गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूला, हेही आधीच लिहून ठेवा. कलम 134अ प्रमाणे मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे सकाळच्या सूचनांत सांगा. पोलिसांच्या चौकशीला भिऊन माणसं मागे सरतात.

वर्षभराने तीच चूक

रॅली संपली की फोटो टाकले जातात आणि विषय मिटतो. आठ दिवसांच्या आत बैठक घ्या आणि पहिल्यांदा शेवटच्या गटाला बोलू द्या. कुठे थांबावं लागलं, किती वेळ, कोणत्या गाडीला काय झालं, जेवण कुणाला मिळालं नाही, हे एका वहीत तारखेसह लिहा. जमाखर्च त्याच बैठकीत मांडा, टी-शर्टच्या पैशांसकट. हिशेब लांबला की कुजबुज सुरू होते आणि चांगली माणसं न बोलता गळतात. पुढच्या वर्षी मार्ग, वेळ आणि जेवणाची जागा असं सगळं एकदम बदलू नका, नाहीतर काय कशामुळे सुधारलं ते कळत नाही. पाहणी रॅलीच्या दोन आठवडे आधी, त्याच वारी, त्याच वेळेला करा, आणि ताफ्यातल्या सर्वांत लहान गाडीवरून, मागे माणूस बसवून करा.