कंदील, पणती, उटणं: दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर करताना या चुका टाळा

सहामाहीचा शेवटचा पेपर आणि वसुबारस यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन दिवस हाती लागतात. तेवढ्यात कंदील करायचा असतो, पणत्या रंगवायच्या असतात, आजीला आणि मामाला ‘आम्ही स्वतः केलेलं’ काहीतरी द्यायचं असतं. ओट्यावर चकलीची भाजणी, त्याच्याशेजारी फेविकॉलचा डबा, आणि दोन्हींत हात घालणारी तीच बोटं.

गेली काही वर्षं आमच्या मजल्यावरच्या पाच-सहा पोरांना घेऊन मी हा उद्योग करते. जे जे फसू शकतं ते सगळं आमचं फसून झालंय. हिशेब मांडला तर मुलांना कातरी नीट धरता आली नाही म्हणून बिघडलेलं फारसं काही आठवत नाही. बहुतेक वेळा बिघडलं ते वाळायला वेळ दिला नाही म्हणून. ओलसर पणतीवर रंग लावला, ओला कागद ताणला, संत्र्याच्या दमट सालींचं उटणं दळलं. त्यात एखाद्या वर्षी परतीचा पाऊस लांबतो, मग तर बघायलाच नको.

त्यामुळे आता आमचा पहिला दिवस निव्वळ ओल्या कामांचा. पणत्या भिजवायच्या, साली उन्हात घालायच्या, कंदिलाच्या काड्या कापून ठेवायच्या. रंगाचा डबा त्या दिवशी उघडायचाच नाही. मुलं कुरकुरतात, कुरकुरू द्यावं.

कंदील: काड्यांचं गणित

चांदणीचा, करंजीचा, घोटीव कागदाचा असे कंदील पुष्कळ आहेत, पण मुलांबरोबर करायचा तर काड्यांचा पारंपरिक कंदीलच घ्यावा. मापं घेणं, बांधणं, चिकटवणं असं प्रत्येक वयाला त्यात काम निघतं.

काड्या एकसारख्या जाडीच्या हव्यात. खराट्याचे हीर घरात सहज सापडतात, पण ते शेंड्याकडे निमुळते होत जातात आणि गाठ आवळली की मोडतात. उदबत्तीच्या काड्या तर कागदाचा ताणही सोसत नाहीत. बुरुडाकडून कामट्या आणा. पुण्यात राहत असाल तर बुरूड आळीत चक्कर मारा, मुलांनाही बांबू कसा चिरतात ते बघायला मिळेल. ते जमत नसेल तर कबाबच्या बांबूच्या काड्या चालतात. कुसं असतील तर आधी पॉलिशपेपर फिरवा, नाहीतर दिवाळीभर सुई घेऊन बोटातली कुसं काढत बसावं लागेल.

आता सगळ्यात मोठी चूक. आम्ही एका वर्षी हौसेने सहा बाजूंचा कंदील घेतला आणि सगळ्या काड्या एकाच मापाच्या कापल्या. सहा चौकोन बांधले, ते टोकावर उभे करून एकमेकांना जोडले, आणि वरच्या टोकांना जोडणाऱ्या काड्या काही केल्या पोचेनात. ओढून बांधल्या तेव्हा कंदील वरून आवळल्यासारखा झाला, हुबेहूब गाठ मारलेलं गाठोडं. त्या रात्री कागदावर आकृती काढून बसले तेव्हा कुठे उलगडा झाला.

चार बाजूंच्या कंदिलात सगळ्या काड्या सारख्या लागतात, एकूण २४. चार चौकोनांच्या १६, वरच्या टोकांना जोडणाऱ्या ४ आणि खालच्या ४. सहा बाजूंचा करायचा तर चौकोनांच्या २४ काड्या एका मापाच्या, पण वर-खाली जोडणाऱ्या १२ काड्या त्यांच्या सव्वापटीला किंचित कमी लागतात. चौकोनाची काडी १५ सेंटिमीटर असेल तर जोडकाडी १८.४. आठ बाजूंच्या कंदिलाला तीच १९.६ लागते. गाठीसाठी दोन्ही टोकांना थोडी जास्त लांबी ठेवा आणि मापाच्या खुणा पेन्सिलीने करा, गाठ खुणेवर बसली पाहिजे. सातवी-आठवीतलं पोर घरात असेल तर हे माप त्यालाच काढू द्या. कर्ण आणि काटकोन एवढं पुरतं.

पहिल्या वेळी चार बाजूंचाच करा. गॅलरीत टांगायला १५ सेंटिमीटरच्या काड्यांचा छान दिसतो.

बांधून झाला की तो डुगडुगतो, पिळला जातो. मुलांना वाटतं चुकलं. चुकलेलं नसतं. चार काड्यांचा चौकोन मुळातच ढिला, बाजूला दाबला की आडवा होणारच. प्रत्येक चौकोनात पांढऱ्या दोऱ्याची फुली घाला आणि फुलीचे दोन्ही दोरे सारख्या लांबीचे ठेवा. काडी १५ ची असेल तर दोरा २१.२ सेंटिमीटर. दोन्ही कर्ण सारखे झाले की चौकोन आपसूक काटकोनात येतो आणि सांगाडा ताठ उभा राहतो. गाठींवर फेविकॉलचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. हा थेंब विसरलात तर दुसऱ्या दिवशी कागद लावताना गाठी सरकतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खळ आणि कागद

पतंगाच्या पातळ कागदाला फेविकॉल जड पडतो. खळच बरी. मैद्यात आधी गार पाणी घालून गुठळ्या मोडायच्या, एका वाटीला चार-पाच वाट्या पाणी, आणि मग मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन ती जराशी काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. गरम पाण्यात मैदा टाकलात तर खळ होत नाही, गोळे होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका, खळ बराच वेळ आतून गरम राहते.

जुनी माणसं खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. मुलं असतील तिथे मोरचूद अजिबात नको, तो विषारी असतो आणि लहान मुलाचं बोट खळीतून थेट तोंडात जातं. दोन दिवसांपुरती थोडीच करा, उरलेली फ्रिजमध्ये ठेवा, वास आला की टाकून द्या.

कागद सांगाड्याच्या नेमक्या मापाचा कापू नका, चारही बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त ठेवा आणि ती पट्टी काडीवरून आत दुमडा. खळ लागली की कागद सैल पडतो, लोंबतो. इथेच घरातल्या मोठ्यांचा हात शिवशिवतो आणि ते कागद ओढून ताणतात. ओला कागद ओढला की फाटतो. फाटला नाही तर वाळताना आणखी आक्रसतो आणि काडीला वाकवतो. सुरकुती दिसली तरी हात लावू नका. पंख्याखाली नाही, सावलीत वाळू द्या. सकाळी बघा, बहुतेक सुरकुत्या गेलेल्या असतील.

फाटलाच तर सगळा कागद काढायची गरज नाही. त्याच रंगाची चांदणी कापून वर चिकटवा. आमच्या एका कंदिलावर अशा सात चांदण्या होत्या आणि सगळ्यांनी त्या नक्षीचंच कौतुक केलं.

बल्बचं सांगायचं राहिलंच. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाच्या भरात वरचा आणि खालचा चौकोनही कागदाने बंद करून टाकला. कंदील झाला झकास, पण बल्ब आत जाणार कुठून? शेवटी शेपट्यांच्या मधोमध खिडकी कापली. वर-खाली उघडंच ठेवा, उष्णता बाहेर जायलाही ते हवं. जुना काचेचा तारेचा बल्ब नको, तो चांगलाच तापतो. कमी वॉटचा एलईडी पुरतो, तोही कागदापासून लांब, मधोमध टांगलेला. गडद निळा किंवा जांभळा कागद दिवसा सुंदर दिसतो पण रात्री प्रकाश गिळून टाकतो. पिवळा, केशरी, पोपटी हे रंग उजळतात. आणि टांगताना दोरा एकाच कोपऱ्याला बांधला की कंदील मान टाकतो. वरच्या चारही टोकांना सारख्या लांबीचे दोरे बांधून वर एकत्र गाठ मारा.

पणतीचा रंग का सुटतो?

पणती विकत आणली की ती भिजवायची, हे घरोघरी माहीत असतं. भिजवल्यावर ती तेल कमी पिते. पण रंगवायच्या पणतीची गोष्ट वेगळी. मातीच्या छिद्रांत पाणी राहिलं आणि वर रंग चढवला की ते पाणी बाहेर यायला बघतं, रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून धूळ काढायला पणती पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, आणि मग दोन उन्हं दाखवा. हाताला गार लागत असेल तर अजून ओल आहे.

आता ती पूर्ण वाळली म्हणजे पुन्हा तेल प्यायला तयार! तेल भिंतीतून झिरपतं आणि बाहेरच्या रंगावर डाग उमटतात. पोस्टर कलर असेल तर रंगच हाताला लागतो, शिवाय पणतीखालच्या फरशीवर तेलकट गोल. त्यामुळे भेट द्यायच्या रंगीत पणतीत मी तेलाऐवजी मेण भरते. रंग अॅक्रिलिकचा आणि फक्त बाहेरून. आतून रंग नाही, चोचीपासून बोटभर अंतरावरही नाही. टिकल्या, लेस, कुंदन, चमकी यांना ज्योतीजवळ जागा देऊ नका. मुलांना नेमकी चोचच सजवायची असते, तेव्हा रंगवायच्या आधी तिथे कागदी चिकटपट्टी लावून टाका, वादच मिटतो.

मेण वितळवणं हे मोठ्यांचं काम, यात सूट नाही. थेट आचेवर भांडं ठेवू नका. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं छोटं भांडं. चुकून मेण पेटलंच तर पाणी ओतू नका, गॅस बंद करून वर झाकण ठेवा. वात मधोमध धरून ठेवायला मुलांच्या हातात कपड्याचा चिमटा द्या. मेण गार होताना आक्रसतं आणि वातीजवळ खड्डा पडतो. त्यात काही चुकलेलं नसतं, थोडं मेण मागे ठेवा आणि खड्डा भरून घ्या. रंगासाठी मेणाचे खडू किसून टाकायची युक्ती सगळीकडे सांगतात, पण त्यातलं रंगद्रव्य वातीत अडकतं आणि ज्योत मिणमिणते. पांढरंच राहू द्या. आणि उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका, नाहीतर ऐन नरक चतुर्दशीला प्लंबर शोधत फिरावं लागेल.

उटण्याच्या पुड्या

घरच्या माणसांना ही भेट सगळ्यात जास्त आवडते आणि मुलांच्या हातून सगळ्यात कमी बिघडते. वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, गुलाबपाकळी, आंबेहळद, चंदन, मुलतानी माती हे काष्ठौषधींच्या दुकानात दळलेलं मिळतं. मुलांनी मोजायचं, मिसळायचं, चाळायचं. पंखा बंद ठेवा आणि नाकाला रुमाल बांधा, नाहीतर शिंकांची माळ लागते.

फसतं ते तीन ठिकाणी. स्वयंपाकातली हळद घातली तर पाहुणे पहिल्या आंघोळीला पिवळे होऊन बाहेर येतात, म्हणून आंबेहळदच. संत्र्याची साल घरी वाळवली असेल तर ती वाकता कामा नये, कट्‌कन मोडली पाहिजे. ओल राहिली की पुडीत गोळा होतो आणि मग बुरशी. तिसरं म्हणजे मसूर किंवा हरभऱ्याचं पीठ. ते आधीच मिसळून ठेवलं तर पुडी पडून राहिल्यावर त्यात किडे होतात. पीठ घालूच नका. ‘आंघोळीच्या वेळी चमचाभर डाळीचं पीठ मिसळा’ अशी चिठ्ठी मुलांच्या अक्षरात लावा. काय काय घातलंय तेही त्याच चिठ्ठीवर येऊ द्या. कुणाची त्वचा नाजूक असते, त्यांनी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघावं.

भेटकार्डाबद्दल दोनच गोष्टी. जाड कागद नुसता दुमडला की घडीवर तडकतो. रिकाम्या रिफिलने पट्टीच्या कडेला आधी रेघ ओढून घ्या, मग घडी सरळ येते. आणि फेविकॉल आइसक्रीमच्या काडीने पातळ पसरवा, नळीतून थेट ओतलेला वाळल्यावर कार्डाचा पापड करतो.

वाळेपर्यंत मुलांचं काय करायचं?

किल्ला. सोसायटीच्या आवारात परवानगी असेल तर यासारखं दुसरं काही नाही. किल्ल्याची फजिती एकाच कारणाने होते, अळीव उशिरा पेरले जातात. उगवून हिरवं दिसायला चार-पाच दिवस तरी लागतात, म्हणजे लक्ष्मीपूजनाला हिरवळ हवी तर वसुबारसेच्या आधीच पेरायला हवं. नुसत्या मातीचा डोंगर खचतो. आत दगड-विटा रचून वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका आणि त्यावर बी भुरभुरवा. कुठला किल्ला करायचा ते आधी ठरवा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आमच्या पोरांनी राजगड निवडला होता आणि तीन माच्यांपैकी संजीवनी माची पार्किंगमध्ये गेली म्हणून एका काकांशी रीतसर तह करावा लागला.

एक चूक मात्र दरवर्षी माझ्याकडूनच होते. पोर वेडंवाकडं कापतंय हे दिसलं की कातरी काढून घ्यायचा मोह होतो. चार वर्षांच्या मुलाला खळ फासणं आणि पणती रंगवणं जमतं, गाठ जमत नाही. गाठीसाठी पोर आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत वाट बघा. काम वयाला बेतून दिलं की कातरी हिसकावायची वेळ कमी येते. शिवाय भाऊबीजेची भेट भाऊबीजेलाच द्यायची असते. सगळं धनत्रयोदशीच्या आत संपवायचा हट्ट सोडला तर मधले चार दिवस फुकट मिळतात.

तुळशीचं लग्न झालं की कंदील उतरवतात. तो कागदासकट माळ्यावर टाकू नका, खळीच्या वासाने झुरळं येतात आणि पुढच्या वर्षी नुसती चाळण हाती लागते. कागद सोलून टाका, काड्यांचा सांगाडा ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, जुन्या साडीत गुंडाळून ठेवा. पुढच्या दिवाळीत अर्धं काम झालेलं असेल. कागद फाडायचं काम मात्र पोरांनाच द्या. इतके दिवस ‘हात लावू नकोस’ ऐकून घेतलंय त्यांनी.