पुण्यात शिकायला येताना: खोली शोधण्याआधी वसतिगृहाचा अर्ज

पुण्यात प्रवेश मिळाल्याचे कळले की घरात पहिली चर्चा होते ती फीची, आणि राहण्याचे 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलले जाते. माझ्या अनुभवाने सांगते, हा क्रम उलटा हवा. मी 2014 साली परभणीहून पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यात आले, पुढे स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पेठांत राहिले आणि आता इथेच अध्यापन करते. प्रवेशाच्या दिवसांत मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले पालक बॅगा घेऊन भर पावसात खोली शोधत फिरताना दिसतात. तोवर परवडणाऱ्या जागा बहुतेक भरून गेलेल्या असतात.

सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांनी अनेक वर्षे बाहेरगावच्या मुलांना आसरा दिला. ते वाडे एकामागून एक पाडले जात आहेत आणि त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींतील सदनिकांचे भाडे एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नसते. उपनगरांत हिंजवडी आणि खराडीच्या नोकरदारांची मागणी असते, त्यामुळे तिकडेही भाडे उतरत नाही. मग उरते ती 'कॉट बेसिस'ची जागा, म्हणजे खोली नव्हे, खोलीतली एक खाट.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की वसतिगृहाचा अर्ज हा प्रवेश अर्जाचाच भाग समजावा. महाविद्यालयाचे वसतिगृह, समाजकल्याण विभागाचे शासकीय वसतिगृह आणि सामाजिक संस्थांची वसतिगृहे अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी अर्ज करावा. 1955 पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना अल्प खर्चात ठेवून घेते. तिथे मुलाखत होते, कामाची शिस्त पाळावी लागते, आणि त्या शिस्तीने घडलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत.

शासकीय वसतिगृहात नंबर लागणार नाही असे वाटले तरी अर्ज टाळू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जी राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी पैसे देते, ती शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीच आहे; अर्जच केला नसेल तर तो दरवाजाही बंद होतो. अशीच आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आणि इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. स्वाधारमध्ये पुण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवले गेले, त्यांत भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. निवासाचा हिशेब महिन्याला सतराशे रुपयांच्याही आत येतो आणि तेवढ्यात आज पेठेत खाटसुद्धा मिळत नाही. शिवाय रक्कम पुष्कळदा उशिरा जमा होते, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांचे पैसे घरूनच आणावे लागतात. या रकमेचा भाड्याशी मेळ बसला पाहिजे, हे मला मनापासून वाटते. भाड्यापायी शिक्षण अर्धवट सोडून गावी परतलेल्या मुली मी ओळखते.

कॉट बेसिसवर राहायचेच असेल तर जागा संध्याकाळी पाहावी, कारण दुपारी सगळे अभ्यासिकेत असतात आणि खोली मोठी भासते. मी राहत होते तिथे चार खाटा होत्या, दोन खाटांच्या मधून आडवे होऊनच जावे लागे, चार्जिंगचा प्लग एकच होता आणि नळाला पाणी पहाटेच येत असे. भाडे ठरवण्याआधी आधीपासून राहणाऱ्या मुलींशी, मालकीणबाई समोर नसताना, पाच मिनिटे बोलावे. पाणी, ढेकूण, रात्री दार बंद होण्याची वेळ आणि वीजबिलाची वाटणी यांबद्दल खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते.

भाड्याचा आकडा एकटा कधीच पाहू नये. खोलीत अभ्यासाला जागा नसते म्हणून अभ्यासिका लावावी लागते, स्वयंपाकाला परवानगी नसते म्हणून मेस लावावी लागते, आणि जागा लांब असेल तर पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा पास. धनकवडी किंवा आंबेगावात खाट स्वस्त मिळते, पण क्लास पेठेत असेल तर बचतीतला बराच भाग प्रवासात जातो आणि वेळ जातो तो निराळाच. मेस ठरवताना खाडे धरतात का, हे आधी विचारावे. सणासुदीला गावी गेलेल्या दिवसांचे पैसे वळते होणार की नाही, ते त्यावरच ठरते.

राहता राहिला करार. बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा करार असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. 'विद्यार्थ्यांना कशाला करार' असे म्हणणारे भेटतात. माझ्या एका घरमालकांनी जागा सोडताना रंगकामाच्या नावाखाली निम्मे डिपॉझिट कापून घेतले, तेव्हा दाखवायला माझ्याकडे एकही कागद नव्हता, कारण करार करून द्यायला त्यांनी आधीच नकार दिला होता. करार होत नसेल तर निदान डिपॉझिट आणि भाडे बँकेतूनच द्यावे, पावती घ्यावी आणि राहायला जाण्याच्या दिवशीच भिंती, खाट, कपाट यांचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवावेत. वर सांगितलेल्या योजनांसाठीही भाड्याने राहत असल्याचा पुरावा मागितला जातो, तेव्हा करार करून देणारी जागा थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी.