परदेशातून मतदानाला गोव्यात येताय? या चुका टाळा

७ मे २०२४. लोकसभेसाठी माझा थोरला भाऊ रजा काढून मस्कतहून डिचोलीला आला. सकाळीच शाळेतल्या केंद्रावर रांगेत उभा, हातात जुनं मतदार ओळखपत्र. कर्मचाऱ्याने यादीवर पट्टी धरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा फिरवलं. नाव नव्हतं. आधी कधीतरी पडताळणीला बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी) घरी आले तेव्हा आई म्हणाली होती, ‘‘तो इथे कुठे असतो? मस्कतला असतो.’’ आई खरं तेच बोलली, आणि नाव उतरलं.

पहिली चूक हीच: पूर्वी मत दिलंय, म्हणजे नाव असणारच, असं धरून चालणं. कायम परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकासाठी २०११पासून वेगळी नोंदणी आहे, फॉर्म ६ए. अर्ज ऑनलाइन भरता येतो, शुल्क नाही. फोटो, पासपोर्टची पानं आणि व्हिसाचं पान जोडायचं. बीएलओ इथल्या घरी येऊन पडताळणी करतात, म्हणून घरच्यांना आधीच सगळं सांगून ठेवा.

जहाजावर जाणाऱ्या तारवट्यांनी मात्र गोंधळू नये. तात्पुरतं बाहेर राहिल्याने रहिवास तुटत नाही, असं कायदाच सांगतो. ‘जहाजावर गेलाय, अमुक महिन्यात येणार’ एवढं घरच्यांनी स्पष्ट सांगावं.

दुसरी चूक पत्त्याची. मतदारसंघ ठरतो तो पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावरून. वहिनीच्या पासपोर्टवर माहेरचा, सावंतवाडीचा पत्ता होता. तसाच अर्ज केला असता तर नवऱ्याचं मत डिचोलीत आणि तिचं पत्रादेवीपलीकडे महाराष्ट्रात. पासपोर्टवरचा पत्ता बदलायला वेळ लागतो, म्हणून हे आधी तपासा.

आता गोव्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. १९ डिसेंबर १९६१पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं, आणि पोटापाण्यासाठी अनेकांनी ते घेतलं. त्यात कमीपणा काहीच नाही. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं आणि मताचा हक्कही जातो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी मत देता येत नाही. ‘यादीत नाव आहे ना, मग टाकू मत’ हा सल्ला कुणी कितीही प्रेमाने दिला तरी ऐकू नका. अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फॉर्म ७ भरून नाव काढून घ्या.

तिसरा गैरसमज: दूतावासात किंवा ऑनलाइन मत देता येतं. येत नाही. टपालाने मत पाठवायची सोय सैनिक आणि दूतावासातल्या कर्मचाऱ्यांसारख्यांना आहे. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक लोकसभेने २०१८मध्ये मंजूर केलं, पण २०१९मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. एका मतासाठी विमानाचं तिकीट काढायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याची रजा मालकाच्या मर्जीवर, त्याने काय करायचं? पण आज तरी नियम असाच आहे.

म्हणूनच तिकिटाआधी नाव. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव चढत नाही, आणि पडताळणी-हरकतींचे दिवस धरले तर त्याच्या बरंच आधी अर्ज पोचायला हवा. पुढची विधानसभा २०२७च्या सुरुवातीला अपेक्षित आहे, म्हणजे निवडणूक जाहीर व्हायची वाट बघत बसू नका. यादी बघताना शेवटपर्यंत बघा, परदेशस्थ मतदारांची नावं तिथे वेगळी असतात. काही अडलं तर १९५० या हेल्पलाइनला किंवा मामलेदार कचेरीत विचारा.

मतदानाला येताना मूळ पासपोर्ट खिशात हवा. आधार नाही, झेरॉक्स नाही, जुनं ओळखपत्रही नाही. ते तर ६ए भरताना परत करायचं असतं. आणि कायमचे घरी परतलात की साध्या फॉर्म ६ने पुन्हा नोंदणी करा.