शेतीच्या ग्रुपवर सल्ला कसा लिहावा

खरीप लागला की गावोगावच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेजचा पाऊस पडतो. "पडताळल्याशिवाय फॉरवर्ड करू नका" हा उपदेश त्यात रोज कुणी ना कुणी टाकतोच. उपदेश बरोबर आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. शेतीत खोट्या माहितीपेक्षा अर्धवट खरी माहिती जास्त घात करते. औषध खरं असतं, कीड खरी असते, मात्राही खरी असते; फक्त तो सल्ला दुसऱ्या पिकाचा, दुसऱ्या महिन्याचा किंवा दुसऱ्या फवारणी पंपाचा असतो. पडताळायला गेलात तर तो "खरा" निघतो आणि वापरला की पीक जातं.

त्यामुळे हा लेख फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी कमी आणि सल्ला लिहिणाऱ्यांसाठी जास्त आहे. ग्रुपचे ॲडमिन, कृषी पदवीधर, कृषी सहायक आणि ज्यांना लोक हक्कानं "भाऊ, यावर काय मारू?" असं विचारतात ते अनुभवी शेतकरी, सगळ्यांसाठी.

१. ग्रुपची मांडणी

दोन ग्रुप करा. एकावर फक्त ॲडमिन लिहितील आणि तिथे पक्का सल्लाच जाईल. दुसरा चर्चेसाठी. एकाच ग्रुपवर दोन्ही केलं, की कामाचा मेसेज सुप्रभात आणि वाढदिवसांखाली गाडला जातो.

शेतीबाहेरचं काहीही ठेवू नका, मग ते कितीही तातडीचं वाटो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुलं पळवणाऱ्यांची ती अफवा मोबाइलवरून, साध्यासुध्या लोकांच्याच ग्रुपांतून पसरली होती. अशा मेसेजला ॲडमिननं चर्चेची संधीसुद्धा देऊ नये. तो तिथल्या तिथे काढावा आणि पोलिसांना कळवावं.

२. फोटो आला की आधी प्रश्न विचारा

कपाशीच्या लाल पानाचा एक फोटो पडतो आणि पाच मिनिटांत सहा औषधांची नावं येतात. लाल पान म्हणजे मॅग्नेशियमची कमतरता असू शकते, पाण्याचा ताण आणि रात्रीचा गारठा असू शकतो किंवा तुडतुडे (पानाचा रस शोषणारी कीड) असू शकतात. पहिल्या दोन्हींत कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल तर अन्नद्रव्याकडे बघावं. कडा खाली वळून पिवळ्या आणि मग लालसर झाल्या असतील, तर पान उलटून बघायला सांगा. तुडतुड्यांची पिल्लं तिथेच सापडतात, फिकट हिरवी आणि तिरकी चालणारी. एकदा ती चाल पाहिलेला शेतकरी परत फोटो पाठवत नाही, कारण त्याचं त्यालाच ओळखू येतं. ग्रुपचा खरा उपयोग इथे होतो.

म्हणून तीन फोटो मागायचे: पानाची खालची बाजू, पूर्ण झाड आणि शेताचा तेवढा पट्टा. सोबत लागवडीची तारीख, मागची फवारणी कशाची होती आणि शेजारच्या शेतात तणनाशक मारलं होतं का, हे विचारायचं. शेवटचा प्रश्न बरेच जण गाळतात. २,४-डी हे तणनाशक वाऱ्यानं कपाशीवर आलं, की पानं भेंडीच्या पानासारखी निमुळती आणि बोटांसारखी होतात. लोक त्याला व्हायरस समजतात आणि बुरशीनाशकावर बुरशीनाशक मारत सुटतात. त्या पानांवर कुठल्याही बुरशीनाशकाचा काही उपयोग नसतो.

उत्तरं येईपर्यंत औषधाचं नाव घ्यायचं नाही. समोरचा घाईत असतो, रागावतोही. "भाऊ, पान उलटून बघा, मग सांगतो" एवढंच लिहून थांबायचं.

३. मात्रा लिहिणं

सगळ्यात जड पायरी ही. मला ती जमायला बाकी सगळ्या पायऱ्यांपेक्षा जास्त काळ लागला, कारण सल्ला देताना आपल्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो आणि मेसेज वाचणारी माणसं वेगळी असतात. तुम्ही लिहिलं, "पंपाला दहा ग्रॅम टाका." विचारणाऱ्याला ते कळलं, कारण त्याचं पीक, त्याचा पंप आणि त्याची अडचण तुम्हाला माहीत होती. त्यानं ते मेव्हण्याला पाठवलं, मेव्हण्यानं त्याच्या गावच्या ग्रुपवर टाकलं. तिथे उरलं ते फक्त "पंपाला दहा ग्रॅम". आता पंप कुठला? पाठीवरचा पंप १५ किंवा १६ लिटरचा असतो, बॅटरीचा २० लिटरचाही मिळतो. इंजिनवर चालणाऱ्या पॉवर पंपात तर हिशोबच बदलतो. त्यात एकरी पाणी कमी लागतं, म्हणून विदर्भातल्या कृषी सल्ल्यांत साध्या पंपाची मात्रा देऊन खाली "पॉवर स्प्रेसाठी तिप्पट" अशी वेगळी ओळ असते. कॉपी करताना ती ओळ गळते, किंवा ती एकटीच पुढे जाते आणि साध्या पंपात तिप्पट औषध पडतं.

"पंपाला", "टाकीला", "एक झाकण", "दोन चमचे" हे शब्द मात्रेसाठी कायमचे बंद करा. मात्रा १० लिटर पाण्यालाच लिहायची. पुढचा गुणाकार शेतकऱ्याला येतो.

दुसरा खड्डा टक्क्यांचा आहे. "इमिडा मारा" असं लिहिणारे खूप. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक १७.८ टक्के एसएल (द्रव) मिळतं, ७० टक्के डब्ल्यूजी (दाणेदार) असंही मिळतं. दुसरं जवळजवळ चौपट तीव्र आहे. पहिल्याची मात्रा दुसऱ्या पाकिटाला लावली तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून घटकाचं नाव, टक्के आणि एसएल, एसजी, ईसी, डब्ल्यूजी ही अक्षरं, तिन्ही एकत्र लिहायची. त्यातलं एक जरी माहीत नसेल तरी मेसेज टाकू नका.

कंपनीच्या ब्रँडचं नाव लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. एकाच घटकाचे डझनभर ब्रँड असतात. एका ब्रँडचं नाव घेतलं की दुकानदार दुसरा देतो आणि "तेच आहे" म्हणतो. कधी ते तेच असतं, कधी त्यात आणखी एक घटक मिसळलेला असतो. कृषी सेवा केंद्र चालवणारी मंडळी ग्रुपवर असतील तर त्यांचं स्वागत आहे, त्यांच्याकडे अनुभव मोठा असतो. पण सल्ला देताना "माझं दुकान आहे" हे त्यांनी आधी सांगावं.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. "एकाच फवारणीत अळी, रस शोषणारी कीड आणि टॉनिक" अशा पाककृती ग्रुपवर सर्वांत जास्त फिरतात, कारण त्यांत मजुरी वाचते. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यांत वेगवेगळी औषधं एकत्र मिसळून फवारणं हेही होतं. ती फवारणी करणाऱ्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजानं राबणारे मजूर होते. मेसेज मालकाच्या फोनवर येतो, वाफ मजुराच्या नाकात जाते. मिश्रणाचा सल्ला विद्यापीठाच्या शिफारशीत नसेल, तर तो तुमच्या ग्रुपवरही नसावा. कुणी कितीही "मी दहा वर्षं मारतोय" म्हणालं तरी नाही.

आणि आधार लिहा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या शिफारशी, जवळचं कृषी विज्ञान केंद्र, डब्यावरचं लेबल. "तज्ज्ञांच्या मते" हा आधार नव्हे. डब्यावरच्या लेबलवर ज्या पिकाचं नाव नाही, त्या पिकासाठी ते औषध सुचवू नका. भाजीपाल्यासाठी लिहीत असाल तर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, तेही त्याच मेसेजमध्ये पाहिजे. वांगी खाणाऱ्यानं तुमचा ग्रुप पाहिलेला नसतो.

हे सगळं एकत्र आलं की मेसेज असा होतो:

"१८ सप्टेंबर २०२५. फक्त कपाशी, गुलाबी बोंडअळी. आधी शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. २ किंवा जास्त बोंडांत अळी किंवा नुकसान दिसलं तरच फवारणी. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, ४.४ ग्रॅम, १० लिटर पाण्याला, पाठीवरच्या साध्या पंपासाठी. पॉवर पंपाला हे प्रमाण लावू नका. यात दुसरं काही मिसळू नका. तोंडावर मास्क, हातात मोजे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका. डब्यावरचं लेबल वाचूनच वापरा. हा मेसेज फक्त पुढच्या दोन आठवड्यांसाठी."

खाली लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि आधार. मेसेज लांब झाला अशी तक्रार येईल. येऊ द्या. यातलं काहीही तोडून पुढे पाठवता येऊ नये, म्हणून तो एका परिच्छेदात लिहायचा, ओळी सुट्या करायच्या नाहीत. "२० बोंडं फोडा" ही अट मी औषधाच्या आधी लिहितो, कारण वाचणारा औषधाच्या नावापाशी थांबतो आणि त्यापुढचं वाचत नाही.

व्हॉइस मेसेजचा मोह होतो. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो हवाच. कीड कशी ओळखायची हे आवाजात खुशाल सांगा, पण मात्रा आवाजात नको. "दीड" की "अडीच" हे ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत नाही. आकडा लिहूनच पाठवा आणि घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यायला सांगा.

४. हवामान आणि बाजारभाव

"पुढील २४ तासांत गारपीट" असा तारीख नसलेला मेसेज वर्षभर फिरत राहतो. तारीख आणि वेळ नसेल तर टाकू नका. हवामान खात्याचा जिल्हानिहाय कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तोच टाका.

भाव टाकताना किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तिन्ही दर आणि आवक लिहा. नुसता कमाल दर टाकणं मला दिशाभूलच वाटते. तो दर कधी कधी एखाद्याच उत्तम ढिगाला मिळालेला असतो आणि तो वाचून दुसऱ्या तालुक्यातला माणूस गाडी भाड्यानं करून माल घेऊन जातो.

५. योजना, विमा आणि लिंक

सरकारी योजनेच्या नावानं आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) उघडू नका, ग्रुपवर दिसली की लगेच काढून टाका. सातबारा, आधार आणि पासबुकाचे फोटो ग्रुपवर नकोत. पीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची, हा नियम महाराष्ट्रात २०२५च्या खरिपाआधी होता; आता त्या वर्षीचा नियम बघूनच आठवण टाका.

६. चूक दुरुस्त करणं

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून १५ मिनिटांत बदलता येतो. त्यानंतर चुकीची मात्रा दिसली, तर नुसता डिलीट करून गप्प बसू नका. तोवर तो इतर ग्रुपांवर गेलेला असतो. नवा मेसेज लिहा: "दुरुस्ती. अमुक तारखेच्या मेसेजमध्ये मात्रा चुकीची होती. बरोबर मात्रा ही. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी ही दुरुस्तीही तिथेच पाठवावी." जुना मेसेज वाचलाच नाही अशा माणसालाही ती समजली पाहिजे, म्हणून पीक, कीड, औषध सगळं पुन्हा लिहायचं.

दुसऱ्या कुणाची चूक असेल तर आधी त्याला खासगीत फोन करा. सगळ्यांसमोर काका-मामांना खोटं पाडलं की ते ग्रुप सोडतात आणि तोच सल्ला दुसरीकडे देत राहतात. पण जिवाला धोका असेल, जसं की विषबाधेवर घरगुती उतारा सुचवला असेल, तर फोनची वाट बघायची नाही. तिथेच लिहायचं: रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घ्या, कारण डॉक्टरांना घटक कळला पाहिजे.

दुहेरी बाणाची खूण असलेला मेसेज निदान पाच हातांतून फिरून आलेला असतो. पण ती खूण नाही म्हणून मेसेज ताजा आहे, असं समजू नका. मजकूर कॉपी करून चिकटवला की खूण जाते आणि लिहिणाऱ्याचं नावही जातं. तुम्ही स्वतः कॉपी करत असाल तर मूळ नाव आणि तारीख ठेवा.

७. हंगाम संपल्यावर

वेचणी संपली की वर्षभराचे पक्के सल्ले महिन्यावार एका फाइलमध्ये लावा आणि प्रत्येकावर वर्ष लिहा. पुढच्या मे महिन्यात ती फाइल कृषी विज्ञान केंद्रात दाखवून आणा. काही औषधांवर दरम्यान बंदी आलेली असते, काहींच्या शिफारशी बदललेल्या असतात. जे बदललं ते खोडा आणि मगच फाइल ग्रुपवर टाका.