छोट्या हॉलातली आरडी नाईट कशी ऐकावी

भुसावळ-खंडवा मार्गावर मालगाडीचा गार्ड म्हणून माझी निम्मी नोकरी गेली. खंडवा म्हणजे किशोरकुमारचं गाव, त्यामुळे वेड तिथूनच लागलं म्हणा ना. आता निवृत्त आहे. जळगाव असो, धुळे असो, कुठे किशोर नाईट किंवा आरडी नाईट, म्हणजे संगीतकार आर. डी. बर्मन ऊर्फ पंचमच्या गाण्यांचा कार्यक्रम असला की मी हजर.

आधी तारखा पाठ करा. २७ जून पंचमचा वाढदिवस, ४ जानेवारी त्याची पुण्यतिथी. ३१ जुलै रफीसाहेबांची पुण्यतिथी. ४ ऑगस्ट किशोरदांचा वाढदिवस, १३ ऑक्टोबर त्यांची पुण्यतिथी. या तारखांच्या आगेमागे शनिवार-रविवारी कुठे ना कुठे फलक लागतोच. जूनमधला कार्यक्रम असेल तर हॉलला जनरेटर आहे का, एवढं विचारून घ्या. पहिल्या वादळी पावसाला वीज जातेच.

फुकट प्रवेशिका मिळाली तर खुशाल घ्या, पण साडेसहा म्हणजे साडेसहा समजू नका. दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्कारमूर्तींचं मनोगत. एकदा मी पन्नास मिनिटं नुसते शाल-श्रीफळ मोजत बसलो होतो. तिकिटाचा कार्यक्रम, अगदी दीडशे रुपयांचा का असेना, बहुधा वेळेवर सुरू होतो.

आता बसायचं कुठे? पुढच्या रांगा पाहुण्यांना राखीव असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मंगल कार्यालयात खाली फरशी, वर पत्रे, त्यामुळे आवाज घुमतो आणि स्पीकरसमोर बसलेल्याच्या छातीत नुसता ढोल वाजतो. पाहुणा म्हणून एकदा बसलो होतो पुढे; दोन दिवस कानात शिट्टी. साउंडवाला मिक्सर मांडून जिथे बसतो, त्याच्या आसपासची खुर्ची धरा. तो स्वतःच्या कानाला बरं वाटेल तसंच जुळवतो. तरी कर्कश वाटलं तर कानात कापूस घाला. कापसाच्या मुलखात लाज कसली?

आणि हॉल रिकामा असताना मत बनवू नका. माणसं भरली की घुमणं निम्मं होतं. आमचा अमळनेरचा साउंडवाला मध्यंतराआधी एकदा तरी विचारतो, "मांगे आवाज बराबर शे ना भाऊ?" खरं सांगा. लोक उगाच माना डोलावतात.

माझं ठाम मत असं की गायकासाठी जाऊ नये. किशोरचा आवाज कोणी काढू शकत नाही, नक्कल तेवढी होते. जायचं वादकांसाठी. म्हणून आधी विचारा, वादक आहेत की ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर गाणार? ट्रॅकचं गाणं घरी मोबाइलवरही होतं. शंका आली तर अंतऱ्याला 'वन्स मोअर' ओरडून पाहा. वादक असतील तर हसत परत उचलतात. लॅपटॉप असेल तर गायक पाणी प्यायला लागतो.

१९७३च्या 'यादों की बारात'मधलं 'चुरा लिया' सुरू होतं ते ग्लासवर चमचा वाजवून. बहुतेक ठिकाणी हा आवाज ऑक्टोपॅडवरून, म्हणजे काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवरून येतो. पण धुळ्याला एका शाळेच्या हॉलात एका पोराने खरा काचेचा ग्लास आणला होता. साउंड चेकला कीबोर्डवाला सूर देत होता, हा टिंग करत होता. ग्लासचा सूर खाली उतरत होता. पाणी जास्त झालेलं. त्याने एक घोट घेतला, टिंग. अजून अर्धा घोट, टिंग. कीबोर्डवाला म्हणाला, "बस, आता पिऊ नको!" म्हणून सांगतो, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी साउंड चेकला जा. कोणी हाकलत नाही, उलट चहा मिळतो.

फर्माईश चिठ्ठीवर लिहून मध्यंतरातच निवेदकाकडे द्या, सोबत सिनेमाचं नाव लिहा. आडवळणाचं गाणं हवं असेल तर आठवडाभर आधी सांगा; तालीम लागते त्यांना.

शेवटच्या गाण्याला निम्मा हॉल गाडी काढायला उठतो. तुम्ही बसून राहा. घाई संपली की वादक मोकळे होतात. त्या रात्री ग्लासवाल्याने तो तुकडा आम्हा सात-आठ जणांसाठी पुन्हा वाजवला, आणि मग उरलेलं पाणी पिऊन टाकलं.